अमेरिकन बुवांचा पाळणा

मोठ्या जाऊबाईंचा फोन आला की मी आधी खुर्चीत बसून घेते आणि मगच उचलते. त्या कराडच्या पलीकडे, उसाच्या पट्ट्यातल्या एका गावात राहतात. मी सांगलीत. मधलं अंतर आवाजानंच कापायचं असतं अशी त्यांची समजूत आहे.

"आगं, पेटी घिऊन ये."

"किती दिवसांसाठी?"

"गाणं बसंस्तवर."

मी शाळेत मराठी शिकवत होते. पेटी शिकले ती निव्वळ हौसेनं. लग्न होऊन या शेतकरी घरात आले तेव्हा माझ्या मराठीचा इथे कुणाला काही उपयोग नव्हता. पेटीचा मात्र झाला. जाऊबाईंचं महिला भजनी मंडळ आहे. त्यात आठ जणी, दोन चिपळ्या, एक पखवाज आणि बाकी सगळे टाळ. एरवी त्यांचं पेटीवाचून अडत नाही. मोठा काही कार्यक्रम असला की मात्र मला बोलावणं येतं.

कार्यक्रम मोठाच होता. जाऊबाईंचा मुलगा अमेरिकेत असतो. त्यानं तिथलीच मुलगी केली, लग्नही तिथेच झालं. आता ते दोघं पूजेला गावी येणार होते आणि त्यांच्याबरोबर सूनबाईचे आजोबा. वय ऐंशीच्या पुढे. जन्मभर मोठमोठ्या हॉटेलांत पियानो वाजवून निवृत्त झालेले. जाऊबाईंनी व्हिडिओ कॉलवर सुनेला विचारलं होतं, "आजोबास्नी ताटात काय आवाडतं?" सूनबाई मोबाईलवर मराठी शिकत होती. तिला त्यातलं 'आवडतं' तेवढं कळलं. तिनं आनंदानं सांगितलं, की आजोबांना अमेरिकेतल्या अमुक जुन्या गीतकाराची गाणी आवडतात, आणि लगेच एक गाणं पाठवूनही दिलं.

"पाव्हण्याला ताटात गाणं पायजे," जाऊबाई मला म्हणाल्या. "मग वाढाया नगं?"

त्या गीतकाराचं नाव मी इथे देत नाही. मंडळात आठ जणींनी ते आठ प्रकारे म्हटलं आणि शेवटी जाऊबाईंनी जाहीर केलं, की आजपासून त्यांना 'अमेरिकन बुवा' म्हणायचं. मलाही आता तेच तोंडात बसलं आहे.

पहिल्या दिवशी पडवीत सगळ्या जणी शेंगा फोडायला बसल्या आणि मी त्यांना बुवांचं चरित्र सांगितलं. ते सूनबाईनंच लांबलचक आवाजी निरोपातून कळवलं होतं. बुवा लहानपणी आईबापाबरोबर बोटीतून अमेरिकेत आले. बाप हातगाडीवर बटणं विकायचा. पोरगा छापील गाण्यांच्या दुकानात कामाला लागला. गिऱ्हाईक आलं की पियानोवर गाणं वाजवून दाखवायचं. ते आवडलं की गिऱ्हाईक कागद विकत घेणार.

"आपल्याकडं साडीवाला अंगावर घिऊन दावतो तसं," पखवाजवाली म्हणाली.

अगदी तसं. बुवांना स्वरलिपी वाचता येत नव्हती. पियानोवर ते फक्त काळ्या पट्ट्या वाजवत. पांढऱ्यांची त्यांना भीती वाटायची. शेजारी एक माणूस बसून ते वाजवतील ते लिहून घ्यायचा. शब्दही बुवांचेच. सूनबाईनं पाठवलेलं हे चंद्राचं गाणं म्हणे त्यांना न्हाव्याच्या खुर्चीत सुचलं. अर्धी दाढी झाली होती. तेवढ्यात चाल आली. बुवा साबणासकट उठले आणि रस्त्यावरून पळत दुकानातल्या पियानोपाशी गेले.

"आन् उरलेली दाढी?" जाऊबाईंनी विचारलं.

ते सूनबाईनं कळवलं नव्हतं. त्यावर बराच वेळ चर्चा झाली.

मग मी गाणं लावलं. ते संपेपर्यंत कुणी शेंग फोडली नाही. शेवटी एकीनं विचारलं, "टाळ कुटं मारायचा?" प्रश्न रास्त होता. गाणं अंथरुणात कूस बदलावी तसं चाललं होतं. मी पेटीवर सूर शोधला तर पट्टी निघाली काळी तीन. आणि पहिल्या दोन्ही ओळी खरोखरच काळ्या पट्ट्यांवर होत्या. काळी तीनचा सा धरून नुसत्या काळ्यांवरून बोट फिरवलं की भूप वाजतो, हे पेटी शिकणाऱ्या कुठल्याही पोराला ठाऊक असतं. मी तसं म्हणाले मात्र, जाऊबाईंनी मांडीवर थाप मारली.

"भूप! आगं, म्हंजी बुवा आपलंच की!"

पहाटेच्या भूपाळ्या तर त्यांना झोपेतही येतात. एका झटक्यात अमेरिका कराड तालुक्यात आली. पहिल्या दोन ओळी संध्याकाळपर्यंत बसल्या.

अडलं ते मधल्या भागात. पहिल्या दोन ओळींनंतर चाल अचानक दुसऱ्याच घरात शिरते. बुवांची पांढऱ्यांची भीती तिथे कुठे गेली कोण जाणे. आमच्या आठही जणी तिथे आपापल्या वाटेनं जायच्या आणि कुणीच परत यायचं नाही. तीन दिवस प्रयत्न करून आम्ही ठरवलं, की त्या जागी सगळ्यांनी गप्प बसायचं, पखवाज वाजवायचा आणि पुन्हा भूपात भेटायचं.

शब्द मी देवनागरीत लिहून दिले होते. अर्थही सांगितला. एक माणूस चंद्राला म्हणतो, तू आता घरी जा, तुझी इथे गरज नाही, मला उजेड द्यायला ही आहे.

"ही कोण?"

मी सांगितलं, पण नेमका तेव्हाच उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर दारावरून गेला. त्याच्यावर लावलेलं गाणं त्याच्याही पुढे धावत होतं. धूळ खाली बसेपर्यंत जाऊबाईंनी कागद वाचून उत्तर काढलं होतं.

"ही कोण म्हंजी? लिवलंय की हितं, बेबी. बाळ हाय. चांदोबाला म्हंतोय, जा घरला, माझं बाळ निजतंय. अंगाई हाय गं ही!"

"जाऊबाई, तिकडे बायकोला बेबी म्हणतात," मी म्हणाले.

यावर आठ जणी इतक्या हसल्या की पखवाज कलंडला. "मास्तरीण लय चेष्टा करती," एक जण डोळे पुसत म्हणाली. बायकोला बाळ म्हणणारा माणूस त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. मी दोनदा, तीनदा सांगून पाहिलं. दर वेळी हशा वाढला. आणि खरं सांगायचं तर अंगाई म्हणून गायला लागल्यावर गाणं पहिल्यांदा गाण्यासारखं वाटायला लागलं. तोवर त्या ते आरतीसारखं बडवत होत्या. आता आवाज मऊ झाले, टाळ हळू पडायला लागला. एकीची नात खरंच मांडीवर झोपून गेली.

पण जाऊबाई एकदम थांबल्या. टाळ हातातच राहिले.

"सुनंनं अंगाईच का धाडली?"

मग पखवाजवाली हळूच म्हणाली, "आवं, सरळ कसं सांगंल पोरगी? लाजली आसंल."

"गाण्यातनं सांगितलंय," जाऊबाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

मी म्हणाले, "असं काही असेलच असं नाही. फोन करून विचारूया का?"

"खुळी का काय तू? तिनं आडनं सांगितलंय, आपुन आडनंच समजायचं. ईचारायचं न्हाई!"

या युक्तिवादापुढे माझी सगळी शिक्षकी संपली.

पुढच्या आठवड्यात घरात जे चाललं त्याला पूजेची तयारी कुणी म्हणालं नसतं. चुलत घराच्या माळ्यावरून लाकडी पाळणा उतरवला. माझे दीर, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, सैन्यातून हवालदार होऊन निवृत्त झालेत. हुकूम आला की कारण विचारायचं नाही ही त्यांची सवय. त्यांनी पाळणा घासला, हिरवा रंग दिला, साखळ्यांना तेल लावलं. डिंकाचे लाडू झाले. अळिवाचे झाले. मला वाटलं, सूनबाई आली की आपोआप उलगडा होईल. आपोआप काही होत नसतं, हे मी वर्गात मुलांना किती वेळा सांगितलं होतं.

पाहुणे दुपारी आले. आधी आजोबा उतरले, उंच, डोक्यावर टोपी. दाराच्या चौकटीला डोकं लागू नये म्हणून वाकले ते बराच वेळ तसेच वाकून चालत राहिले. मागून सूनबाई उतरली आणि तिनं गाडीतली सगळ्यात मोठी बॅग एका हातानं बाहेर ओढली.

आठ जणींनी एकदम किंकाळी फोडली.

बॅग तिच्या हातातून काढून घेतली गेली. तिला खुर्चीत बसवलं, पाठीशी उशी दिली, पायांखाली पाट. ती पाणी मागायला उठली तर दोघींनी दोन्ही कोपरांना धरलं. पाण्याऐवजी केशराचं दूध आलं. तासाभरानं ती मला इंग्रजीत म्हणाली, "काकी, मी आजारी दिसते का?"

"नाही गं," मी म्हणाले, "फक्त लाडू खा."

लाडू तिनं मनापासून खाल्ले. डिंकाचा लाडू तिला इतका आवडला की ती येता-जाता डबा उघडायची. ते बघून जाऊबाई मला कोपरानं ढोसायच्या. "बघ! डोहाळं!"

आजोबांचं आणि जाऊबाईंचं मात्र पहिल्या चहालाच जमलं. मुलगा मध्ये बसून दोघांचं बोलणं एकमेकांना सांगत होता. जाऊबाईंनी विचारलं, "तुमी बुवास्नी परत्यक्ष बघितलं व्हतं का?"

आजोबांनी कप खाली ठेवला. हो, म्हणाले, एकदा. तरुणपणी ते एका हॉटेलात पियानो वाजवत होते, त्याच चंद्राच्या गाण्याची चाल. डोळे मिटलेले. उघडले तर समोर साक्षात बुवा, म्हातारे, हातात काठी, पियानोला टेकून उभे. पण आजोबा थांबले नाहीत. गाणं संपलं. बुवा वाकले आणि कानात एकच वाक्य बोलले.

"काय बोलले?" जाऊबाई पुढे सरकल्या.

मुलगा भाषांतर करताना अडखळला. "ते म्हणाले... मुतारी कुठं आहे?"

मला वाटलं, सगळे हसतील. जाऊबाईंनी हात जोडले.

"आन् तुमी वाट दावली?"

आजोबा म्हणाले, हो. दारापर्यंत सोडायला गेलो. ती वाट अजून आठवते.

"म्हंजी सेवा घडली," जाऊबाई म्हणाल्या. मुलानं ते इंग्रजीत कसं सांगितलं कोण जाणे, पण आजोबांनी टोपी काढली आणि बराच वेळ मांडीवर धरून बसले.

पूजा दुसऱ्या दिवशी झाली. दुपारचं ऊन कललं तसा अंगणातल्या मांडवात कार्यक्रम सुरू झाला. सगळी भावकी जमली होती. मधोमध झेंडूच्या माळा घातलेला हिरवा पाळणा. रिकामा पाळणा हलवायचा नसतो म्हणून त्यात झबलं घातलेला वरवंटा ठेवला होता. आजोबांनी वाकून आत पाहिलं, झबल्याचं टोक उचललं, पुन्हा नीट पांघरलं आणि कुणाला काही न विचारता जागेवर जाऊन बसले. चांगल्या घरचा माणूस.

जाऊबाईंनी माईक घेतला आणि बुवांचं आख्यान लावलं. बटणांची गाडी आली, बोट आली, काळ्या पट्ट्या आल्या. दाढीच्या प्रसंगाला त्या अर्धा गाल हातानं झाकून मांडवात पळाल्याच. शेवटी आवाज खाली आणून म्हणाल्या, "आन् मंडळी, यवडा मोठा माणूस, देशानं डोक्यावर घेतल्याला. पन शेवटाला त्येलाबी वाट ईचाराया लागली. कुनाला ईचारली? ह्या आपल्या पाव्हण्याला!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुठली वाट ते त्यांनी सांगितलं नाही. आजोबा उभे राहून वाकले.

मग गाणं. मी काळी तीनचा सूर भरला. आठ जणींनी चंद्राला घरी जायला सांगितलं, अगदी प्रेमानं, कराडकडच्या हेलात. जाऊबाई एका हातानं पाळण्याची दोरी ओढत होत्या. आजोबांनी पहिल्या ओळीला मान वर केली, दुसऱ्या ओळीला हात गालाला लावला. आणि आम्ही त्या मधल्या भागापाशी आलो. ठरल्याप्रमाणे सगळ्या गप्प झाल्या आणि पखवाज सुरू झाला.

आजोबांना ते सहन झालं नाही. आम्ही सोडून दिलेली ती जागा त्यांच्या दृष्टीनं गाण्याचा जीव असावी. ते उठले, लांब टांगा टाकत माझ्यापाशी आले आणि पेटीपुढे मांडी घालण्याच्या प्रयत्नात जवळजवळ माझ्या मांडीवरच बसले. मी सरकले. त्यांनी दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवले. पेटीतून आवाज नाही. पियानोवाल्या माणसाला भाता ठाऊक नव्हता. त्यांनी मागून पाहिलं, खालून पाहिलं. जाऊबाईंनी पाळण्याची दोरी दिरांच्या हातात दिली, त्या पेटीच्या मागे जाऊन बसल्या आणि स्टोव्हला पंप मारावा तसा भाता हाणायला लागल्या.

पेटी ओरडली. गोठ्यातल्या म्हशीनं उत्तर दिलं. आजोबांनी दचकून जाऊबाईंकडे पाहिलं, जाऊबाईंनी त्यांच्याकडे. मग दोघांचं काहीतरी जमलं. भाता संथ झाला आणि ती दहा लांब बोटं माझ्या पेटीवर काळ्यांवरून पांढऱ्यांवर, पांढऱ्यांवरून काळ्यांवर चालायला लागली. माझी पेटी इतकी वर्षं माझ्याकडे आहे. तिच्यात हे होतं, हे मला माहीत नव्हतं. मधला भाग आला आणि गेला, आणि त्यांनी मान हलवून आम्हाला परत पहिल्या ओळीवर असं आणून सोडलं, जसं एस.टी.नं फाट्यावर उतरवावं. आठही जणी बरोबर उतरल्या. दीर पाळणा झोकत होते, साखळ्यांना तेल चांगलं लागलं होतं, वरवंटा शांत होता.

इथे कार्यक्रम संपायला हवा होता.

पण जाऊबाईंनी सुनेला पुढे बोलावलं, तिची खणा-नारळानं ओटी भरली आणि माईकमध्ये म्हणाल्या, "देवानं आमच्या घरात पाळणा हालिवलाय. येत्या पावसाळ्यात बाळाचं बारसं हाय, समद्यांनी यायचं!"

मांडवात टाळ्या. मुलगा पाण्याचा घोट घेत होता, तो त्याच्या शर्टावर आला.

"आई! कुणाचं बाळ?"

माईक सुरूच होता. सगळे सूनबाईकडे बघायला लागले. तिला बाकी काही कळलं नव्हतं, पण 'बाळ' हा शब्द ती मोबाईलवर शिकली होती. तिनं ओटीतला नारळ पाहिला, पाळण्यातला वरवंटा पाहिला, दोन दिवस कोपरं धरणाऱ्या बायका पाहिल्या. तिच्या डोक्यात दिवा लागलेला मला समोरून दिसला. ती माईकजवळ वाकली, पोटावर हात ठेवला आणि सावकाश, शुद्ध मराठीत म्हणाली,

"बाळ नाही. लाडू आहेत."

मांडव कोसळायचाच राहिला. पखवाजवाली जमिनीवर बसली. म्हातारी माणसं काठ्या आपटून हसत होती. आजोबांना नातीनं समजावून सांगितलं तेव्हा ते हसले ते नारळाच्या झाडासारखे गदगदा हलून, आवाजच नाही. मुलानं मग सगळ्यांना सांगितलं, की तिकडे बायकोला, नवऱ्याला लाडानं बेबी म्हणतात. आठ जणींनी माझ्याकडे पाहिलं. मी पेटी पुसत होते.

एवढ्या गडबडीत दिरांनी तोंड उघडलं. वर्षाकाठी दोनदा उघडतात.

"मग बाळाला काय म्हंत्यात?"

"बेबीच, आप्पा."

"मग कळतं कसं?"

मांडवात पुन्हा हशा पिकला.

जाऊबाई तेवढ्या हसत नव्हत्या. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. मी मागे गेले तर त्या लाडवाच्या डब्याचं झाकण लावत होत्या, लागलेलंच पुन्हा लावत होत्या. माझ्या मागोमाग सूनबाई आली आणि त्यांच्याशेजारी जमिनीवर टेकून बसली. जाऊबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "मला वाटलं, तू मला आदी सांगितलंस. माज्या पोराच्याबी आदी." मी ते इंग्रजीत सांगितलं. सूनबाईनं त्यांचा हात धरला. थोड्या वेळानं जाऊबाईंनी नाक ओढलं.

"तिला सांग, जवा सांगायचं आसंल तवा सरळ फोन कर. गाणं धाडू नगंस."

मी सांगितलं. सूनबाई म्हणाली, "हो आई. सरळ फोन." आणि डबा उघडला.

पाहुणे जाण्याआधी मी आजोबांना मिरजेला नेलं, तंतुवाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीत. तिथे छताला टांगलेले तंबोऱ्याचे भोपळे ते एकेक टिचकी मारून ऐकत फिरले. जाऊबाईही आल्या होत्या. त्याही टिचक्या मारत होत्या, आणि दोघं आपापल्या भाषेत एकमेकांना सांगत होते की हा बरा आहे, तो नाही. दुकानदार मला म्हणाला, "बाई, दोघांचं काय चाललंय?" मी म्हणाले, "पसंती."

त्या पावसाळ्यात बारसं झालं ते जाऊबाईंच्या गल्लीतल्या दुसऱ्याच घरी. तिथल्या आजीनं मुद्दाम निरोप धाडला, की मंडळानं तो अमेरिकन पाळणा म्हणायला यायचं. आता आमच्या भागात हे नेहमीचंच झालं आहे. मी पेटीवर मधला भाग थोडाफार वाजवायला शिकले आहे, चुकत-माकत. परवा एका बारशाहून परत येताना मी जाऊबाईंना म्हणाले, "अहो, पण ते गाणं बायकोसाठी आहे, हे आता तरी सांगायला हवं ना लोकांना?"

जाऊबाई गाडीत खिडकीशी बसल्या होत्या, ओटीतली केळी सोलत.

"बाळ निजलं का न्हाई?"

"निजलं."

"मग झालं तर," त्या म्हणाल्या, आणि अर्धं केळं माझ्या हातात दिलं.